मधली पायरी काढल्यावर

एसटीच्या गाडीचे रोजचे तेलपाणी आगारात होते. मोठे काम निघाले तर ती विभागीय कार्यशाळेत जाते, आणि सांगाड्यापासून सगळे नव्याने करायचे असेल तर दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. जगातली बहुतेक सैन्येही आपली यंत्रे अशाच उतरंडीने दुरुस्त करत आली आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या उतरंडीला पाच पायऱ्या होत्या. पुढे त्यांच्या चार झाल्या : तुकडीची स्वतःची देखभाल, तिच्या लगत उभी असणारी थेट साहाय्याची पायरी, तिच्यामागची सर्वसाधारण साहाय्याची पायरी आणि शेवटी डेपो. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या चारांच्याही दोनच उरल्या, मैदानी देखभाल आणि पिछाडीची देखभाल. ‘पुढे बदला, मागे दुरुस्त करा’ हे या फेररचनेचे सूत्र. भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने शेकटकर समितीच्या ज्या ६५ शिफारशी लागू करण्याचे जाहीर केले, त्यांतही लष्कराच्या दुरुस्तीच्या पायऱ्यांची फेररचना होती. पायऱ्या कमी केल्या की माणसे कमी लागतात आणि पैसा वाचतो, हा त्यामागचा उघड युक्तिवाद. क्षेपणास्त्र यंत्रणांपुरते बोलायचे तर तो अर्धाच खरा आहे. मधली पायरी काढल्यावर तिचे काम सुट्या भागांच्या साठ्यात, वाहतुकीत आणि माहितीच्या देवघेवीत जाऊन बसते. त्या तिन्हींची किंमत मांडली नाही, तर झालेली बचत फक्त कागदावरची असते.

यातली पहिली अडचण अशी की क्षेपणास्त्र यंत्रणा हे एक यंत्र नव्हेच. अमेरिकेची ‘पेट्रियट’ ही हवाई संरक्षण यंत्रणा घ्या. तिच्या एका बॅटरीत, म्हणजे लढाऊ तुकडीत, रडार असते, नियंत्रण कक्ष असतो, वीज पुरवणारे जनित्र संच असतात, संपर्काचा उंच खांब असतो, अनेक प्रक्षेपक असतात आणि प्रक्षेपकांवर डब्यांत बंद केलेली क्षेपणास्त्रे असतात. हे सगळे ट्रकांवर आणि ट्रेलरांवर चढवलेले. यातला ट्रक कुठलाही बरा मेकॅनिक दुरुस्त करू शकतो, जनित्राला डिझेल इंजिनाचा जाणकार पुरतो. पण रडारच्या आतल्या सर्किट बोर्डाला हात लावायला वेगळे शिक्षण लागते, आणि क्षेपणास्त्राच्या डब्याला तर मैदानात कुणी हात लावायचाच नसतो. एकाच बॅटरीत देखभालीच्या दृष्टीने चार-पाच निरनिराळ्या जातीच्या वस्तू एकत्र नांदतात. त्या सर्वांना एकच तक्ता लावून ‘आता पायऱ्या दोन’ असे म्हणणे प्रशासनाला सोयीचे असते, यंत्रांना असतेच असे नाही.

डब्यातल्या क्षेपणास्त्रापुरते पाहिले तर मधली पायरी काढणे पूर्णपणे रास्त आहे, आणि ते शक्य झाले ते रचनेतल्या बदलामुळे. द्रवरूप इंधनाच्या क्षेपणास्त्रांना जागेवरच सतत सांभाळावे लागे. टाक्यांतला दाब पाहा, झडपा तपासा, गळती शोधा. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात डमास्कस गावाजवळच्या भूमिगत तळावर ‘टायटन-२’ क्षेपणास्त्राची अशीच नेहमीची देखभाल चालू होती. एका कर्मचाऱ्याच्या हातून पान्याचे सॉकेट निसटले, खोल खाली पडताना क्षेपणास्त्रावर आदळले आणि इंधनाच्या टाकीला भोक पडले. काही तासांनी स्फोट झाला, त्यात हवाई दलाचा एक कर्मचारी दगावला. क्षेपणास्त्राच्या टोकाला अण्वस्त्र होते. ते स्फोटात बाहेर फेकले गेले, फुटले मात्र नाही. माणूस जितक्या वेळा यंत्राजवळ जाईल तितक्या वेळा चुकीला वाव मिळतो, हे यातून फार कठोरपणे दिसले. घन इंधनाची, कारखान्यातच तपासून डब्यात सीलबंद केलेली क्षेपणास्त्रे आली, तेव्हा मैदानातले हे काम जवळजवळ संपले. पेट्रियटचे क्षेपणास्त्र असेच प्रमाणित होऊन येते. तुकडीने डबा चढवायचा, तारा जोडायच्या आणि वापरायचा. आपल्याकडची ‘ब्रह्मोस’ आणि ‘अग्नी-५’ ही क्षेपणास्त्रेही डब्यातूनच डागली जातात. अर्थात डबा बंद आहे म्हणून आतले रसायन म्हातारे होण्याचे थांबत नाही. इंधनाला बारीक तडे जातात, रबरी भाग कडक होतात. त्यासाठी साठ्यातले काही नमुने काढून तपासायचे, काही प्रत्यक्ष डागून पाहायचे, आणि त्यावरून उरलेल्यांचे आयुष्य ठरवायचे. हे काम डेपोचेच. इथे दोन पायऱ्याही जास्त वाटाव्यात.

रडारची गोष्ट उलटी आहे. पेट्रियटच्या बॅटरीत प्रक्षेपक अनेक, पण रडार एकच. एक प्रक्षेपक बंद पडला तर बॅटरीची ताकद थोडी घटते. रडार बंद पडले तर सगळी बॅटरी आंधळी होते आणि तिच्याजवळची धडधाकट क्षेपणास्त्रे निव्वळ ओझे होऊन बसतात. या रडारच्या मुख्य पृष्ठभागावर पाच हजारांहून अधिक छोटे घटक असतात. त्यांतले काही निकामी झाले तरी रडार चालू राहते, नजर थोडी अधू होते एवढेच. म्हणजे बिघाड नेहमी चालू-बंद अशा स्वरूपात समोर येत नाही. रडार अजून किती दिवस असेच चालवायचे, कधी थांबवायचे, कोणता खोका, म्हणजे अख्खा काढता-बसवता येणारा भाग, बदलायचा, हे कुणीतरी जवळून पाहून ठरवावे लागते. ज्या वस्तूला पर्याय नाही, तिच्याजवळ जाणकार माणूस हवा आणि ज्या वस्तूचे दहा जोडीदार शेजारी उभे आहेत, तिला मागे पाठवून वाट पाहता येते. फेररचना करणाऱ्याने हा भेद पहिल्यांदा केला पाहिजे, आणि नेमका तोच बऱ्याचदा राहून जातो, कारण तक्ते तयार होतात ते मनुष्यबळाच्या हिशेबाने.

मधली पायरी नेमके काय करत होती, हे पाहिल्याशिवाय ती काढल्याचा परिणाम कळणार नाही. तुकडीतला तंत्रज्ञ बिघडलेला खोका काढून नवा बसवी. तो बिघडलेला खोका थेट साहाय्याच्या पायरीवर जाई. तिथे वाहनात बसवलेले चाचणी संच असत; खोका उघडून आतले कुठले सर्किट कार्ड खराब आहे ते शोधले जाई आणि बऱ्याच वेळा तिथेच तो दुरुस्त होऊन परत येई. हे काम करणारे सैनिक अलाबामातल्या रेडस्टोन आर्सेनल इथल्या शाळेत घडत. ती शाळा पुढे व्हर्जिनियातल्या फोर्ट ली इथे हलवली गेली. दोन पायऱ्यांच्या रचनेत मधल्या पायऱ्या नाहीशा झाल्या असे आपण सहज म्हणतो, पण प्रत्यक्षात त्या चिरल्या गेल्या. थेट साहाय्य खाली सरकून तुकडीच्या देखभालीत मिसळले, सर्वसाधारण साहाय्य वर सरकून डेपोत मिसळले. खालच्या पायरीला यंत्र जागेवर चालू करून वापरणाऱ्याच्या हाती परत द्यायचे, आणि वरच्या पायरीला सुटा भाग दुरुस्त करून साठ्यात जमा करायचा, अशी वाटणी झाली. ऐकायला ही वाटणी स्वच्छ आहे. तिची किंमत मात्र साध्या त्रैराशिकाने काढता येते.

समजा, एका सैन्याकडे शंभर रडार आहेत आणि प्रत्येकातले एक ठरावीक कार्ड वर्षातून दोनदा बिघडते. वर्षाला २०० बिघाड. जवळच्या कार्यशाळेत ते पाच दिवसांत दुरुस्त होत असेल, तर कुठल्याही दिवशी सरासरी तीनच कार्डे ‘वाटेत’ असतात. तेच कार्ड दूरच्या डेपोत पाठवून परत यायला साठ दिवस लागत असतील, तर वाटेतल्या कार्डांची सरासरी तेहेतीस होते. आणि बिघाड काही वेळापत्रकाने येत नाहीत, त्यामुळे सुरक्षित राहायचे तर पंचेचाळीसच्या आसपास जादा कार्डे विकत घेऊन ठेवावी लागतात. आकडे काल्पनिक आहेत, पण बिघाडांचा दर गुणिले परतीचा काळ हा नियम खरा आहे. स्वीडिश गणिती कॉनी पाल्म याने टेलिफोनच्या संदर्भात मांडलेल्या सिद्धांतावर तो उभा आहे. १९६०च्या दशकात रँड संस्थेत क्रेग शेरब्रुक याने त्याच पायावर अनेक पायऱ्यांच्या साठ्याचे ‘मेट्रिक’ नावाचे प्रतिमान रचले. या गणितातून दिसते असे की मधली पायरी काढणे आणि परतीचा काळ कमी करणे हे एकाच सौद्याचे दोन भाग आहेत. डेपोचा काळ साठावरून पंधरा दिवसांवर आणला तर वाटेतली कार्डे आठवर येतात, आणि मग जागोजागचे महागडे चाचणी संच व त्यांच्यामागची माणसे काढून टाकणे खरोखर फायद्याचे ठरते. सौद्याचा पहिला भाग करायचा आणि दुसरा पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलायचा, हा मात्र उधारीचा व्यवहार झाला.

यावर आक्षेप येतो तो असा की हे सगळे केंद्रीकरणाच्या विरोधात मांडलेले वकिली गणित आहे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. दहा कार्यशाळांत दहा चाचणी संच, प्रत्येकावर अर्धवट शिकलेले दोन सैनिक आणि आठवड्याला एखादे काम, यापेक्षा एका डेपोत रोज तेच काम करणारे दहा कारागीर केव्हाही चांगले. पेन्सिल्व्हेनियातल्या लेटरकेनी डेपोत पेट्रियटचे भाग सुटे करून नव्यासारखे केले जातात; ते कौशल्य चिखलात उभ्या वाहनात येणार नाही. ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शक यंत्रणेसारख्या धूळसुद्धा न खपणाऱ्या वस्तूंसाठी तर वाद घालायचे कारणच नाही. पण वरचे गणित शांततेचे आहे. युद्धात यंत्रे दुप्पट चालतात, बिघाड दुप्पट होतात. रस्ते, विमाने, बंदरे यांवर ताण येतो आणि पंधरा दिवसांचे पंचेचाळीस होतात. मग वाटेतली कार्डे आठाची एकोणपन्नास होतात, म्हणजे सहापट. जवळच्या कार्यशाळेवर याच युद्धाचा परिणाम पाहा, तीनाची सहासुद्धा होत नाहीत, कारण तिथे वाढतात ते फक्त बिघाड, अंतर वाढत नाही. शांततेत स्वस्त असलेली रचना युद्धात किती ताणली जाते, हा प्रश्न फेररचनेच्या कागदांत ठळकपणे लिहिलेला असायला हवा.

अमेरिकी हवाई दलाने हा अनुभव थोडा आधी घेतला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि इंजिने यांच्यासाठी तीनाऐवजी दोन पायऱ्या आणल्या. वेगवान मालवाहतूक हा त्या योजनेचा कणा होता, आणि म्हणूनच ती बऱ्याच अंशी चालली. तरीही १९९९ मधल्या कोसोव्हो युद्धाच्या वेळी युरोपात मधल्या दर्जाच्या दुरुस्तीची प्रादेशिक केंद्रे उभी करावी लागली. प्रत्येक तळाची स्वतंत्र कार्यशाळा त्यांनी परत आणली नाही. अनेक तळांसाठी एकच, लढाईपासून जरा दूर, पण अमेरिकेइतकी दूर नाही, अशी जागा निवडली. दारातून काढलेली मधली पायरी खिडकीतून परत आली असे कुणी म्हणेल. मला वाटते, ती योग्य जागी आली. किती पायऱ्या, यापेक्षा पायरी आणि तुकडी यांच्यात किती दिवसांचे अंतर, हाच खरा निकष असल्याचे तिने दाखवले.

साठा आणि वाहतूक मोजता येतात. माहितीचे तसे नाही, आणि म्हणून तिचा तोटा सगळ्यात उशिरा कळतो. खोका बदलण्याची पद्धत पूर्णपणे यंत्राच्या अंतर्गत चाचणीवर विसंबून असते. पडद्यावर जो भाग बिघडल्याचे दिसेल तो काढायचा. पण असा काढलेला भाग डेपोत पोहोचल्यावर तिथल्या टेबलावर निर्दोष चालतो, हा इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीतला जुना आणि चिवट अनुभव आहे. बिघाड कधी जोडणीत असतो, कधी उष्णतेत, कधी शेजारच्या भागात. मधल्या पायरीवरचा तंत्रज्ञ त्याच भागातल्या चार तुकड्यांचे खोके पाहत असे. अमुक तळावरून येणारे खोके नेहमी निर्दोषच निघतात, तेव्हा दोष तारेत असणार, हे त्याला दोन-तीन वेळांत कळे. तीन हजार मैलांवरच्या डेपोत तो खोका नुसता एक क्रमांक असतो.

माहिती पायऱ्यांच्या मध्ये अडकली की काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण पेट्रियटचेच आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान इथे एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ सैनिक मारले गेले. संरक्षणासाठी नेमलेली पेट्रियट बॅटरी शंभराहून अधिक तास सलग चालू होती. तिच्या संगणकात वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजली जाई आणि तो दशांश २४ बिटांत नेमका मावत नसे. प्रत्येक मोजणीत किंचित चूक राही आणि ती साठत जाई. शंभर तासांत ती सेकंदाच्या एकतृतीयांशाएवढी झाली. स्कडच्या वेगाला एवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून अधिक फरक पडतो, म्हणून रडार चुकीच्या जागी शोधत राहिले. हा दोष आधीच लक्षात आला होता. इस्रायलमधल्या बॅटऱ्यांच्या नोंदींवरून ११ फेब्रुवारीलाच तो कळला होता. सुधारित सॉफ्टवेअर तयार झाले आणि धहरानला पोहोचले २६ तारखेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात, २१ फेब्रुवारीला, सर्व बॅटऱ्यांना संदेश गेला होता की फार दीर्घ काळ यंत्रणा चालवल्यास चूक होऊ शकते. फार दीर्घ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हते. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती तर घड्याळ शून्यावर आले असते. त्याला एक-दोन मिनिटे पुरतात. इथे कुठला खोका बदलायचा नव्हता की कार्ड दुरुस्त करायचे नव्हते. हा मूळ रचनेचा दोष होता, देखभालीचा नव्हे, असे म्हणता येईल आणि ते बरोबरही आहे. पण दोष पिकत असताना त्याला थोपवण्याचा उपाय संपूर्णपणे खालच्या पायरीच्या हातात होता, आणि उपायाचा आकडा वरच्या पायरीजवळ राहिला. दोन पायऱ्यांच्या रचनेत या दोघांच्या मधला, दोन्हीकडची भाषा जाणणारा तंत्रज्ञ नसतो. म्हणून तिथे संदेश अधिक नेमका असावा लागतो.

आज याला उत्तर म्हणून दूरसंपर्काकडे बोट दाखवले जाते. युक्रेनच्या युद्धात पोलंडमधल्या तळावर बसलेल्या अमेरिकी तंत्रज्ञांनी फोन आणि टॅब्लेटवरच्या सांकेतिक संभाषणातून युक्रेनी सैनिकांना तोफा व इतर यंत्रे दुरुस्त करायला शिकवले. मे २०२३ मध्ये कीव्हजवळ पेट्रियटच्या एका यंत्रणेचे किरकोळ नुकसान झाले, तेव्हा काही दिवसांतच ती पूर्ववत झाल्याचे अमेरिकेने जाहीर केले. ज्ञान प्रवास करू शकते, हे यातून खरोखर सिद्ध होते, आणि मधल्या पायरीचा काही भाग असा पडद्यावर उभा करता येईल. पण पडद्यापलीकडे पाना धरणारा हात लागतोच. त्याने आयुष्यात कधी खोका उघडलाच नसेल तर उत्तम सल्लाही त्याच्या कामाचा नाही. दूरसंपर्काने खालच्या पायरीचे शिक्षण कमी करता येईल हा निष्कर्ष चुकीचा आहे. उलट ते वाढवावे लागते. शिवाय ज्या शत्रूकडे संदेशलहरी जॅम करण्याची ताकद आहे, त्याच्यासमोर ही सोय नेमकी हवी त्या वेळी नाहीशी होऊ शकते.

भारताची परिस्थिती अमेरिकेपेक्षा एका बाबतीत निराळी आहे. अमेरिकी सैन्याला आपल्या देशापासून हजारो मैलांवर लढावे लागते, म्हणून पिछाडीचा डेपो फार दूर पडतो. आपल्या आठ आर्मी बेस वर्कशॉपपैकी दिल्लीचे असो, मेरठचे असो की आपल्या खडकीचे, ती सीमेपासून रेल्वेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे मधल्या पायऱ्या विरळ करण्याला इथे तत्त्वतः अधिक वाव आहे. शेकटकर समितीच्या शिफारशींतून सुमारे ५७,००० जणांची फेरनियुक्ती अपेक्षित होती, आणि पायऱ्यांची फेररचना हा त्यातला एक भाग. पण अंतर नकाशावर मोजून चालत नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात रस्ता बंद झाला की मेरठही लांब होते. त्याहून मोठी अडचण म्हणजे आपल्याकडे सोव्हिएत काळातल्या, रशियन, इस्रायली आणि देशी यंत्रणा एकाच वेळी नांदतात. प्रत्येकीचे चाचणी संच वेगळे, सुटे भाग वेगळे, परतीचा काळ वेगळा. स्वदेशी ‘आकाश’चे कार्ड बेंगळुरू-हैदराबादहून येते, परदेशी यंत्रणेचा बिघडलेला भाग समुद्रापार जातो आणि कधी परत येईल ते बनवणाऱ्या देशाच्या सोयीवर असते. पहिल्या यंत्रणेसाठी दोन पायऱ्या आजही पुरतील. दुसरीसाठी देशातच मधली पायरी ठेवण्याला पर्याय नाही, मग ती कितीही कमी वापरली गेली तरी.

आणि ही पायरी ठेवता येईल की नाही, हे सैन्याच्या तक्त्यावर फारसे अवलंबून नसते. ते खरेदीच्या करारावर ठरते. खोक्याचा आराखडा, चाचणी संचातला प्रोग्राम, दुरुस्तीच्या पुस्तिका हे सगळे विक्रेत्याकडेच राहिले असेल, तर कार्यशाळा कितीही सुसज्ज असो, तिथला तंत्रज्ञ खोका उघडू शकत नाही. खुद्द अमेरिकी सैन्य या कोंडीत सापडले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी त्यांच्या संरक्षण मंत्र्यांनी सैन्याच्या परिवर्तनाबद्दल जो आदेश काढला, त्यात आपली यंत्रे स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क करारांत घालून घ्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. नव्या करारांपुरते ते जमेल. ज्या यंत्रणा आधीच विकत घेतल्या, त्यांच्या बाबतीत तो हक्क आता वेगळा विकत घ्यावा लागेल, आणि त्याचा भाव विकणारा ठरवील.